हरिकेनच्या हंगामात फ्लॅटबेडचे भाडे: गाडी कधी पाठवावी, कधी थांबवावी

अमेरिकेत अटलांटिक महासागरातील हरिकेनचा (मोठ्या चक्रीवादळांचा) हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा जोर साधारणपणे १० सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक असतो. या सहा महिन्यांत एक-दोन फ्लॅटबेड गाड्या (बाजू आणि छत नसलेल्या सपाट ट्रेलरचे ट्रक) चालवणारे छोटे मालक आणि पुण्यात रात्रपाळीला बसून त्यांच्यासाठी लोड (वाहून न्यायचा माल) शोधणारे आपल्याकडचे डिस्पॅचर यांच्यापुढे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: वादळ आले की भाडे वाढते असे सगळेच सांगतात, तर आपली गाडी तिकडे लावावी की लावू नये? भाडे वाढते यात शंका नाही. मात्र ते एकाच दिशेने वाढते, ठरावीक मालाचेच वाढते आणि फ्लॅटबेडच्या बाबतीत बहुतेक वेळा वादळ येऊन गेल्यावर वाढते. या तीन गोष्टींचा विचार न करता केवळ लोडबोर्डवरचा (उपलब्ध माल आणि भाडे दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा) मैलामागचा आकडा पाहून गाडी पाठवणाऱ्याचा हिशेब महिनाअखेरीस जुळत नाही. तो कसा जुळवावा, हे येथे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

बंद ट्रेलरची तेजी आणि फ्लॅटबेडची तेजी

वादळापूर्वीच्या आठवड्यात जी धावपळ दिसते ती प्रामुख्याने बंद ट्रेलरची असते. पिण्याचे पाणी, डबाबंद अन्न, बॅटऱ्या, औषधे असा माल दुकानांत आणि मदत साठवण्याच्या तळांवर पोहोचवायचा असतो. फ्लॅटबेडच्या वाट्याला त्या दिवसांत खिडक्यांना ठोकायचे प्लायवुड आणि ओएसबीचे (लाकडाच्या चिपा दाबून केलेले) तक्ते, पाणी उपसण्याचे मोठे पंप, चाकांवरचे जनरेटर आणि वीज कंपन्यांची काही यंत्रसामग्री एवढेच येते. हे लोड चांगले असतात, पण थोडे असतात आणि दोन-तीन दिवसांत संपतात.

फ्लॅटबेडची खरी मागणी वाऱ्याने आणि पाण्याने काय मोडले यावरून ठरते, आणि जे मोडले ते पुन्हा उभे करायला महिने लागतात. म्हणून बंद ट्रेलरची तेजी काही आठवड्यांत ओसरते, तर फ्लॅटबेडची तेजी हळू चढते आणि बराच काळ टिकते. ज्याला घाई करायची सवय आहे त्याला ही गोष्ट पटवून घेणे जड जाते. तरीही सगळे नियोजन याच पायावर उभे करावे.

अंदाज वाचण्याची पद्धत

मियामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळ सक्रिय असताना दर सहा तासांनी पूर्ण निवेदन प्रसिद्ध करते. पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार ते पहाटे ५, सकाळी ११, सायंकाळी ५ आणि रात्री ११ वाजता येते. भारतात बसून काम करणाऱ्यांसाठी या वेळा दुपारी अडीच, रात्री साडेआठ, मध्यरात्रीनंतर अडीच आणि सकाळी साडेआठ अशा पडतात. रात्रपाळी सुरू होताना साडेआठचे आणि पाळीच्या मध्यावर अडीचचे निवेदन वाचल्याशिवाय दक्षिण-पूर्वेकडचा एकही लोड घेऊ नये, हा नियम हंगामभर पाळण्यासारखा आहे. किनाऱ्यावर इशारा लागू झाला की दर तीन तासांनी मधली निवेदनेही येऊ लागतात.

इशाऱ्यांचे दोन टप्पे असतात. ‘हरिकेन वॉच’ हा वादळी वारे पोहोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी दिला जातो आणि ‘हरिकेन वॉर्निंग’ सुमारे ३६ तास आधी. येथे मोजणी वादळाच्या केंद्रापासून होत नाही. ताशी ३९ मैलांचे वारे त्या भागात कधी सुरू होतील तिथपासून ती होते. फ्लॅटबेडवाल्यासाठी हीच मोजणी उपयोगाची आहे, कारण टँपा खाडीवरच्या सनशाइन स्कायवे पुलासारखे उंच पूल साधारण ताशी ४० मैलांच्या वाऱ्यालाच बंद करतात. केंद्र किनाऱ्यावर पोहोचायला अजून दहा-बारा तास असले तरी तुमचा रस्ता त्याआधीच बंद झालेला असू शकतो.

दूरचित्रवाणीवर दिसणारा पांढरा शंकू वादळाचे केंद्र कुठून जाण्याचा संभव आहे एवढेच दाखवतो आणि साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र त्या शंकूत राहते. वादळाचा विस्तार, पाऊस, पूर यांतले काहीही तो सांगत नाही. म्हणून शंकू बाजूला ठेवून दोन नकाशे पाहावेत: एक, वादळी वारे पोहोचण्याच्या वेळेचा, आणि दुसरा, येत्या पाच-सात दिवसांच्या एकूण पावसाचा. २६ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन हे पाचपैकी चौथ्या श्रेणीचे वादळ फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात किनाऱ्यावर आले, पण मालवाहतुकीची सर्वात मोठी कोंडी तेथून शेकडो मैल आत, उत्तर कॅरोलायनाच्या पश्चिमेकडील डोंगरांत झाली. पिजन नदीने इंटरस्टेट ४० या महामार्गाचा भाग खचवला आणि टेनेसीकडे जाणारा इंटरस्टेट २६ देखील पूल वाहून गेल्याने तुटला. इंटरस्टेट ४० त्या घाटात १ मार्च २०२५ रोजी पुन्हा सुरू झाला तोही प्रत्येक दिशेला एकाच अरुंद मार्गिकेने, आणि रुंद लोडना तेथे प्रवेश नव्हता. साडेआठ फुटांपेक्षा रुंद यंत्रे वाहणाऱ्या स्टेप-डेक आणि लोबॉय (बुटक्या डेकच्या ट्रेलरच्या) चालकांना त्यानंतरही लांबचा वळसा चुकला नाही.

काय मोडले ते आधी विचारा

एका वादळाने मिळालेला अनुभव दुसऱ्या वादळाला जसाच्या तसा लागू पडत नाही. वाऱ्याचे वादळ आणि पाण्याचे वादळ यांतला फरक हा फ्लॅटबेडवाल्याचा पहिला धडा आहे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे टेक्सासमध्ये रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आले आणि नंतर ह्यूस्टनच्या परिसरात रेंगाळले. नेडरलँड गावाजवळ ६० इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. अशा पुरात घराचे छप्पर शाबूत राहते आणि भिंतींचा खालचा भाग कुजतो. तेव्हा मागणी येते ती ड्रायवॉलची (भिंतींना लावायच्या जिप्समच्या तक्त्यांची), इन्सुलेशनची, फरशीखालच्या लाकडाची, आणि तीही उशिरा, कारण घर रिकामे करून, भिंती उघडून, सांगाडा वाळल्याशिवाय नवा ड्रायवॉल कोणी लावत नाही. त्यातच विम्याचा पंच येऊन पाहणी करून जायचा असतो. पुरानंतर पहिल्याच आठवड्यात ड्रायवॉलच्या लोडची वाट पाहत तेथे गाडी उभी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

ह्यूस्टनची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. पोलादी पाइप, तेलक्षेत्राची यंत्रे आणि बंदरातून येणारे आयात पोलाद यांमुळे ते शहर फ्लॅटबेडच्या सर्वात मोठ्या बाजारांपैकी एक आहे. तेथे बंदर बंद झाले, गोदामे पाण्यात गेली की आत जाणाऱ्या लोडपेक्षा बाहेर पडणारे लोड जास्त बुडतात. ज्यांचा रोजचा फेराच ह्यूस्टनमधून भरून निघण्याचा आहे, त्यांच्यासाठी असे वादळ कमाईआधी तोटा घेऊन येते.

वाऱ्याच्या वादळाचे चित्र वेगळे असते. १० ऑक्टोबर २०१८ रोजी मायकेल फ्लोरिडातील मेक्सिको बीच येथे पाचव्या श्रेणीचे होऊन आदळले, २७ ऑगस्ट २०२० रोजी लॉरा लुइझियानात कॅमेरॉनजवळ आले आणि लेक चार्ल्स शहराची छपरे उडाली. अशा ठिकाणी छताचे शिंगल्स (कौलांसारखे लावायचे डांबरी तुकडे), ओएसबी, सांगाड्याचे लाकूड आणि विजेचे खांब यांची मागणी पहिल्या काही दिवसांतच सुरू होते, कारण उघडे पडलेले घर आधी झाकावे लागते. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको; ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत पत्रे, कौले आणि विजेचे खांब यांसाठी लोकांनी जी वाट पाहिली, तिचेच हे मोठे रूप आहे.

विजेचे नुकसान हा स्वतंत्र विषय मानावा. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा लुइझियानात पोर्ट फोर्शों येथे किनाऱ्यावर आले, तेव्हा न्यू ऑर्लिन्सला वीज आणणाऱ्या आठही मुख्य पारेषण वाहिन्या बंद पडल्या आणि त्या वादळात ३० हजारांहून अधिक खांब मोडले किंवा निकामी झाले. खांब, ट्रान्सफॉर्मर, तारांची रिळे, चिखलात क्रेन उभी करण्यासाठी लागणारे लाकडी मॅट, प्रकाशाचे टॉवर असा सगळा माल फ्लॅटबेडचाच आहे. चाळीस-पंचेचाळीस फुटांचे वितरणाचे खांब ४८ फुटी डेकवर बसतात. त्याहून लांब असतील तर लांबणारा ट्रेलर किंवा खांबांचा खास ट्रेलर लागतो. म्हणून खांबांचा लोड फोनवर घेताना पहिला प्रश्न लांबीचा असावा आणि दुसरा वजनाचा.

माल कोठून निघणार, याचाही विचार करावा. शिंगल्सचे मोठे कारखाने टँपा आणि मोबील यांसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांतही आहेत. वादळाने कारखान्याचाच वीजपुरवठा तोडला तर नेहमी दोनशे मैलांवरून येणारा माल सातशे मैलांवरून आणावा लागतो. अशा वेळी मैलामागचा दर फारसा चढला नाही तरी एका लोडची एकूण रक्कम वाढते आणि त्याच मालाला जास्त गाड्या लागतात. दक्षिणी पाइन लाकडाच्या गिरण्या जॉर्जिया, अलाबामा, अर्कान्सा आणि पूर्व टेक्सास येथे पसरलेल्या आहेत, त्यामुळे लाकडाचा पुरवठा सहसा एका वादळाने थांबत नाही. पण पाऊस लांबला तर जंगलातील तोड थांबते आणि काही आठवड्यांनी गिरण्यांकडचा माल कमी होतो.

फेऱ्याचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. वादळग्रस्त भागात जाणारे भाडे चढते, पण तिथून बाहेर पडायला माल नसतो. फ्लोरिडात तर एरवीही आत जाणारा माल जास्त आणि बाहेर येणारा कमी असतो. वादळानंतर शेकडो गाड्या एकाच वेळी रिकाम्या होतात, परतीचा जो थोडा माल असतो त्यावर त्या सगळ्या तुटून पडतात आणि परतीचे भाडे कोसळते. म्हणून एका बाजूचे भाडे पाहू नये; गाडी जिथून निघाली तिथे, किंवा पुढचा बरा लोड जिथे मिळेल तिथे, पोहोचेपर्यंतचे सगळे मैल आणि सगळे दिवस मोजावेत.

एक उदाहरण घेऊ. यातले दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत. अटलांटाहून फोर्ट मायर्सला जनरेटर न्यायचा आहे, अंतर सुमारे ५८० मैल आणि दर मैलामागे साडेचार डॉलर. भाडे झाले २,६१० डॉलर. फोर्ट मायर्सहून परतीचा माल नाही, म्हणून दक्षिण जॉर्जियातल्या वाल्डोस्टापर्यंत ३५० मैल रिकामे यायचे. एकूण ९३० मैल झाले, म्हणजे प्रत्यक्षात मैलामागे २ डॉलर ८१ सेंट. अजूनही बरे वाटते. पण जनरेटर उतरवून घेणाऱ्या तळावर रांग आहे आणि गाडी खाली व्हायला एक दिवस जातो, त्यामुळे फेरा तीन दिवसांचा होतो आणि दिवसाचे पडतात ८७० डॉलर.

हीच गाडी नेहमीप्रमाणे अटलांटा ते ह्यूस्टन ८०० मैल २ डॉलर ६० सेंटने गेली, ५० मैल रिकामी धावून परतीला ८०० मैल अडीच डॉलरने भरून आली, तर चार दिवसांत ४,०८० डॉलर मिळतात, म्हणजे दिवसाला १,०२०. मैलामागे २ डॉलर ४७ सेंट हा आकडा वादळाच्या लोडपुढे फिका दिसतो, पण घरात पैसे जास्त येतात ते याच फेऱ्यातून. वादळाच्या लोडवर थांबल्याच्या दिवसाचे ४५० डॉलर लेखी कबूल करून घेतले, तर तो फेरा या नेहमीच्या फेऱ्याच्या जेमतेम बरोबरीला येतो. टायर, वाढलेले डिझेल आणि धोका यांचे पैसे त्याच्यावर मागायला हवेत.

टायरचा उल्लेख सहज केलेला नाही. उडालेल्या छपरांचे खिळे महिनाभर रस्त्यांवर, दुकानांच्या आवारांत आणि वाहनतळांवर पडलेले असतात. शिंगल्स उतरवायला गेलेल्या गाडीच्या आतल्या टायरमध्ये खिळा निघणे ही तेथे रोजची बाब असते आणि टायरवाला मात्र दिवस-दिवस मिळत नाही. डिझेलचेही तसेच आहे. फ्लोरिडात एकही तेलशुद्धीकरण कारखाना नाही. तेथले इंधन जवळपास सगळे टँपा आणि पोर्ट एव्हरग्लेड्स यांसारख्या बंदरांत जहाजाने येते. बंदर बंद झाले की पंप कोरडे पडतात. राज्यात शिरण्यापूर्वी जॉर्जिया किंवा अलाबामातच टाक्या भरून घ्याव्यात आणि परतीचे डिझेल त्याच टाक्यांत आहे ना, हे लोड घेण्यापूर्वी तपासावे. इंधन अधिभार (डिझेलच्या दराप्रमाणे भाड्यावर मिळणारी जादा रक्कम) ऊर्जा माहिती प्रशासनाच्या साप्ताहिक सरासरीवर ठरत असेल, तर त्या आठवड्यातली स्थानिक वाढ त्यात पूर्ण उतरत नाही, म्हणून अशा लोडला अधिभार धरून एकच ठोक रक्कम ठरवणे मला जास्त सुरक्षित वाटते.

वादळापूर्वीचे आणि वादळाच्या वेळचे दिवस

किनाऱ्याकडे जाणारा लोड घ्यायचा असेल तर तो वादळी वारे पोहोचण्याच्या किमान २४ तास आधी खाली होऊन गाडी बाहेर पडलेली असावी. दुकाने लवकर बंद होतात, लोक घरे सोडून जाऊ लागले की महामार्ग भरतात, आणि काही ठिकाणी सगळ्या मार्गिका बाहेरच्या दिशेने वळवल्या जातात. दुकानाने लोड नाकारला आणि गाडी ओएसबीने भरलेलीच राहिली, तर तो माल पावसात घेऊन परत फिरावे लागते. ओएसबीच्या कडा पाणी पितात आणि फुगतात. ताडपत्री वाऱ्याने एका बाजूने जरी उचलली गेली तरी वरच्या गठ्ठ्याचा दावा चालकाच्या अंगावर येतो. अशा लोडवर ताडपत्री घालताना पुढच्या ताडपत्रीची कड मागच्या ताडपत्रीच्या वर यावी, म्हणजे वारा शिवणीत शिरत नाही, आणि तक्त्यांच्या कोपऱ्यांना कोनाचे संरक्षक लावल्याशिवाय पट्टा आवळू नये.

वादळ किनाऱ्यावर येण्याच्या आदल्या दिवसापासून नंतरचे दोन-तीन दिवस लोडबोर्डवर डोळे दिपवणारे आकडे दिसतात. त्यांतले बरेच लोड पूर्ण होण्याजोगे नसतात, कारण पोहोचायला रस्ता नसतो. २०१८ मध्ये फ्लोरेन्सनंतर इंटरस्टेट ९५ आणि इंटरस्टेट ४० चे मोठे भाग पाण्याखाली गेले आणि विल्मिंग्टन शहर काही दिवस रस्त्याने जवळजवळ तुटले होते. अशा वेळी राज्याच्या ५११ या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर रस्ता उघडा दिसल्याशिवाय लोड पक्का करू नये. गाडी आधीच त्या भागात अडकली असेल तर भाड्याचा विचार सोडून चालकाला उंच जागी, झाडे आणि तारांपासून दूर उभे राहायला सांगावे.

सवलती मिळतात, पण सगळ्यांना नाही

आणीबाणी जाहीर झाली की चालकाच्या तासांचे नियम सुटतात, असे सर्रास बोलले जाते. ते अर्धवट आहे. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार राज्यपालाने जाहीर केलेल्या आणीबाणीत १४ दिवसांपुरती सवलत आपोआप मिळते आणि ती केवळ चालवण्याच्या कमाल तासांपुरती असते. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली तर सवलत ३० दिवसांची आणि अधिक व्यापक असते. परवाना, दारू व अमली पदार्थांची चाचणी, विमा यांतून मात्र कोणीही सुटत नाही.

त्याहून महत्त्वाची अट अशी की सवलत थेट मदत पोहोचवणाऱ्या लोडलाच लागू होते. वीज पूर्ववत करण्यासाठी निघालेला ट्रान्सफॉर्मर त्यात बसतो; तीन महिन्यांनी नव्या घराच्या बांधकामाला जाणारे लाकूड बसत नाही. नेहमीच्या मालावर चार ताडपत्र्या आणि दोन पंप ठेवून त्याला मदतीचा लोड म्हणता येत नाही, हे नियमातच स्पष्ट आहे. मदतीचा माल उतरवून परतीचा नेहमीचा लोड उचलला की तिथेच सवलत संपते आणि ११ तास चालवणे, १४ तासांची पाळी, १० तासांची विश्रांती हे सगळे पुन्हा लागू होते. चालकाने विश्रांती हवी असे सांगितले तर ती द्यावीच लागते. सवलत कागदावर असली म्हणून थकलेल्या माणसाला काळोख्या, सिग्नल नसलेल्या रस्त्यावर चालवायला लावू नये. डिस्पॅचरचा पहिला धर्म गाडीतल्या माणसाला सुखरूप घरी आणणे हा आहे.

वजनाची गोष्ट वेगळी. नेहमीची मर्यादा गाडीसह ८०,००० पौंड आहे आणि फ्लॅटबेडवर साधारण ४८,००० पौंड माल बसतो. मोठी आपत्ती जाहीर झाल्यास राज्ये मदतीच्या मालासाठी जादा वजनाचे खास परवाने १२० दिवसांपर्यंत देऊ शकतात. पण हे परवाने राज्याचे असतात. अलाबामाने दिलेली मुभा मिसिसिपीच्या काट्यावर चालत नाही. मार्गातल्या प्रत्येक राज्याचा आदेश वेगळा उघडून वाचावा आणि त्याची छापील प्रत चालकाजवळ द्यावी.

माल बांधण्याचे नियम सुटले असे गृहीत कधीच धरू नये. बांधणीची एकूण क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी, १०,००० पौंडांहून जड यंत्राला किमान चार ठिकाणी बांधायला हवे, पहिल्या ५० मैलांत एकदा आणि नंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी तपासणी हवी. शिंगल्सच्या लोडमध्ये हे विशेष जपावे. दीड टनाच्या आसपासचे एकेक पॅलेट असते, चौदा-पंधरा पॅलेटमध्ये वजनाची मर्यादा संपते आणि डेकवर मोकळी जागा उरते. पॅलेट एकमेकांना चिकटून नसतील तर उखडलेल्या रस्त्यावर ब्रेक लागताच ते पुढे सरकतात.

ब्रोकरशी बोलताना

ब्रोकरशी, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या मध्यस्थाशी, फोनवर दर ठरवण्यापूर्वी उतरवण्याची जागा नेमकी विचारावी. ‘टँपाजवळ’ हे उत्तर पुरेसे नाही. तेथे फोर्कलिफ्ट किंवा क्रेन आहे का, ती चालवायला माणूस आणि डिझेल आहे का, संचारबंदी किती वाजता सुरू होते, आणि गाडी सरकारी तळावर थांबवून पुढे दुसरीकडे वळवली जाण्याची शक्यता आहे का, हेही विचारावे. मदत यंत्रणेचे लोड अनेकदा एका तळावर जाऊन तीन-चार दिवस उभे राहतात आणि मग वेगळ्याच गावी पाठवले जातात. थांबल्याच्या दिवसाचे पैसे, वळवल्यास जादा मैलांचे पैसे, गाडी पोहोचल्यावर लोड रद्द झाल्यास द्यायची रक्कम, आणि ताडपत्रीचे वेगळे पैसे या चारही गोष्टी रेट कन्फर्मेशनमध्ये (दर पक्का करणाऱ्या लेखी कागदात) आकड्यांसह लिहून आल्याशिवाय गाडी हलवू नये. ‘नंतर बघू’ असे म्हणणाऱ्या ब्रोकरकडून नंतर काही मिळत नाही.

वादळानंतरच्या पंधरवड्यात फसवणूकही वाढते. एक लोड दोन-तीन हातांतून फिरतो, शेवटच्या गाडीवाल्याला मोठा दर दाखवला जातो आणि बिल पाठवल्यावर फोन उचलणारे कोणी नसते. ब्रोकरचा क्रमांक संघीय मोटार वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या नोंदीत तपासावा आणि तिथे नोंदलेल्या फोनवर स्वतः फोन करावा. आलेल्या ईमेलमधल्या फोनवर विसंबू नये. ब्रोकरची हमी ७५,००० डॉलरची असते, पण ती सगळ्या घेणेकऱ्यांत मिळून असते. तुमचे बिल ज्या फॅक्टरिंग कंपनीकडे (बिलाचे पैसे आधी देऊन ते नंतर वसूल करणाऱ्या कंपनीकडे) जाते तिने त्या ब्रोकरला मान्यता दिली आहे का, हे लोड घेण्याआधी विचारले की निम्मे धोके तिथेच टळतात. ट्रान्सफॉर्मर किंवा मोठ्या जनरेटरची किंमत अनेक छोट्या गाडीवाल्यांच्या एक लाख डॉलरच्या माल-विम्यापेक्षा जास्त असते. तशा लोडला हात लावण्यापूर्वी विमा एजंटकडून वाढीव संरक्षणाचे पत्र घ्यावे.

जो गेला नाही, त्याचाही फायदा

माझे मत असे आहे की एक-दोन गाड्या असलेल्या मालकाने पहिल्या दोन आठवड्यांचा मोह टाळलेला बरा. त्या काळात बऱ्याच गाड्या वादळाकडे ओढल्या जातात आणि आसपासच्या राज्यांत नेहमीचा माल उचलायला गाड्या कमी पडतात. जॉर्जिया-अलाबामातील गिरण्यांमधून उत्तरेकडे जाणारे लाकूड, बर्मिंगहॅमचे पोलाद, टेनेसीतील यंत्रे यांचे भाडेही थोडे वर सरकते; तिथे रस्ते उघडे असतात, परतीला माल असतो आणि रात्री चालकाला झोपायला जागा असते. ज्यांच्याकडे लोबॉय आहे, वीज कंपन्यांच्या ठेकेदारांशी आधीपासून करार आहेत आणि थांबल्याच्या दिवसाचे पैसे ठरलेले आहेत, त्यांनी जरूर जावे. ते काम त्यांच्यासाठीच आहे आणि अंधारात बसलेल्या लोकांना त्यांची गरज आहे.

छोट्या मालकासाठी खरे काम दुसऱ्या महिन्यापासून सुरू होते. विम्याचे पैसे सुटू लागतात, ठेकेदारांना परवानग्या मिळतात, आधी शिंगल्स, मग ड्रायवॉल, मग सांगाड्याचे लाकूड आणि लोखंडी सळई असा माल नियमित वाहू लागतो. दर आणीबाणीच्या दिवसांसारखे नसतात, पण तोच कारखाना आणि तेच गोदाम असा ठरलेला मार्ग मिळतो, आणि बांधकामाचा मलबा व यंत्रे बाहेर नेणारे परतीचे लोडही हळूहळू तयार होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फ्लॅटबेडचा एरवी मंदीचा काळ असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठे वादळ होऊन गेले असेल तर त्या भागातील मंदी सौम्य राहू शकते. २०२४ मध्ये हेलीननंतर दोन आठवड्यांच्या आत, ९ ऑक्टोबरला, मिल्टन फ्लोरिडात सिएस्टा की येथे आले, तेव्हा एकाच किनाऱ्यावर पुराची आणि वाऱ्याची कामे एकत्र आली. अशा वेळी त्या भागातील बांधकाम साहित्याच्या गोदामांना ऑक्टोबर संपण्याआधीच फोन करून हिवाळ्यासाठी आठवड्याला ठरावीक लोड मागून ठेवावेत. ब्रोकरपर्यंत ते लोड पोहोचतात तेव्हा त्यांतला चांगला भाग दुसऱ्याने उचललेला असतो.

बिलाची काळजी शेवटपर्यंत घ्यावी. मदतीच्या लोडचे पैसे अनेक हातांतून येतात आणि उशिरा येतात, म्हणून तितके दिवस डिझेल आणि हप्ते निघतील एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय एकापाठोपाठ असे लोड घेऊ नयेत. तळावर माल उतरवून घेणारा माणूस घाईत असतो, कधी स्वयंसेवक असतो, आणि सही करायला कोणीच पुढे येत नाही. चालकाने पोहोचल्याची वेळ, गाडी खाली झाल्याची वेळ, उतरवून घेणाऱ्याचे नाव आणि हुद्दा कागदावर लिहून घ्यावा, डेक भरलेला असताना आणि रिकामा झाल्यावर तारीख-वेळ उमटणारे फोटो काढावेत, आणि सिग्नल मिळताच ते डिस्पॅचरला पाठवावेत. थांबल्याच्या दिवसांचे पैसे मागताना हाच कागद आणि हेच फोटो बिलाला जोडावे लागतात.